अर्धी राहिलेली दाढी

बोईसरच्या पाण्याला साबणाचं वावडं होतं, हे माझं मत आजही बदललेलं नाही. पासष्ट सालाच्या पुढची-मागची गोष्ट. तारापूरच्या किनाऱ्याला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. मी तिथं मोजणीच्या कामावर होतो आणि बोईसरला लागून असलेल्या सालवडला एक कौलारू खोली भाड्यानं घेऊन आईबरोबर राहत होतो. दारातल्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही, आणि दाढीचा साबण म्हणाल तर हात दुखेपर्यंत ब्रश घोटला तरी वाटीत नुसतं पातळ ताक. ते गालाला लावावं तर कानापर्यंत पोचायच्या आत वाळून जायचं. मग कोरड्या गालावर पातं ओढायचं, रक्त काढायचं, तुरटी फिरवायची आणि आईवर ओरडायचं. तिचा काय दोष? काही नाही. पण मी पहिल्यापासून तापट, आणि ओरडायला घरात दुसरं होतं कोण?

पालघरच्या बाजारातून मी दर खेपेला नवा साबण आणायचो. गोल वडीचा, वेष्टनातला, भारीतला. घरी आणला की त्याचंही ताकच.

"यांना कसल्याही पाण्यात फेस यायचा रे," आई चुलीपाशी बसून म्हणायची. "तुझा हात घाईचा. साबणाला दोष देऊ नकोस."

'हे' म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडच्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते, आणि डावखुरे होते. दाढी करण्याची त्यांची एक रीतच होती. ब्रश आधी ऊन पाण्यात भिजत घालायचा. मग झटकून झटकून नुसता दमट करायचा. साबणाच्या वाटीत पाणी म्हणून ओतायचं नाही. दमट ब्रश साबणावर फिरवत राहायचा, डाव्या हातानं, उलट्या अंगानं, अगदी सावकाश. साबण लोण्यासारखा घट्ट झाला की मग बोटाच्या टोकानं एक थेंब पाणी, पुन्हा घोटणं, पुन्हा एक थेंब. "फुगे म्हणजे फेस नव्हे," असं ते मला शिकवायचे, पाढे शिकवावेत तशा सुरात. फेस जमला की त्यातला बोटभर घेऊन आरशात जिथं त्यांचं कपाळ दिसायचं तिथं, काचेवर, टेकवायचे. दाढी संपेपर्यंत तो ठिपका काचेवरून घसरला नाही तर फेस पास. घसरला तर नापास, उद्या पाणी कमी घालायचं.

"आरशाला कसलं गंध लावता?" आई रोज चिडायची, आणि ते रोज हसायचे.

अशाच एका सकाळी ते गेले. मी शाळेत होतो. आईनं पुढं मला जेवढं सांगितलं तेवढंच मला ठाऊक. दाढी अर्धी झाली होती. एक गाल स्वच्छ, दुसऱ्याला तसाच फेस. एकदम त्यांनी मान वळवली, मागच्या दाराकडं बघून "आलोच" म्हणाले, वस्तरा मिटून ठेवला, पंचा खांद्यावर टाकला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. कुणी हाक मारली म्हणावं, तर आई तिथंच दाण्याचं कूट करत बसली होती. तिला हाक ऐकू आली नाही. त्यांना आली.

नदी पाहिली, विहिरी पाहिल्या, चौकीवर कळवून झालं. तोंडाला साबण लावलेला मास्तर गावातून चालत गेला आणि एकाही माणसानं पाहिला नाही. संध्याकाळी वाटीतला फेस बसून गेला. आरशावरचा ठिपका मात्र तसाच राहिला. आईनं तो पुसू दिला नाही. वाळून त्याचा पांढरा डाग झाला. पुढं मला नोकरी लागली, आम्ही बोईसरला आलो, तेव्हा तो आरसा लुगड्यात गुंडाळून ट्रंकेतून आला, डागासकट. वडिलांची पितळी वाटी आली, तिच्यात तडे गेलेला जुना साबण आला. खोली बघायला गेलो तर आईची अट एकच, मागचं दार पाहिजे. ते दार दिवसभर ती लोटून ठेवायची, कडी कधी घालायची नाही. कुत्री शिरायची, एकदा तर शेजारणीची बकरी आत येऊन पीठ खाऊन गेली. मी कडी घातली की ती मुकाट्यानं उठून काढायची.

आता मिशीचं सांगतो. हल्लीच्या पोरांना हे माहीत नसतं. बाप हयात असताना आमच्याकडं मिशी काढत नाहीत. मिशी उतरली म्हणजे बाप गेला, सांगायची गरज पडत नाही. मला मिसरूड फुटलं तसं मी ते हट्टानं राखलं, वाढवलं, तेल लावून पिळलं. कामावरचे लोक हवालदार म्हणून चिडवायचे. चिडवोत. कुणी विचारलं तर मी सरळ सांगायचो, वडील गावाकडं असतात. आई तर माझ्या तोंडाकडं बघताना आधी ओठाच्या वर बघायची. "तुझी मिशी आणि माझं कुंकू एकाच दोरीनं बांधलंय बरं का," असं हसत हसत म्हणायची. हसण्यात हसू फारसं नसायचं.

त्या वर्षी बारा वर्षं भरली. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि मग तो गेला असं धरून त्याचे दिवस करतात, अशी रीत. वडिलांचे थोरले भाऊ, माझे काका, त्यासाठी मुद्दाम गाड्या बदलत बोईसरला आले. जेवण होईपर्यंत गप्प बसले आणि हात धुऊन सुरू झाले.

"पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. डोकं म्हणून नारळ. नाव घेऊन अग्नी द्यायचा. तू मुलगा, तू क्षौर करायचं, डोकं-मिशी उतरवायची. माझा भाऊ अधांतरी लटकतोय रे."

"तुमचा भाऊ जिवंत आहे," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मेला कशावरून?"

आई आमच्याकडं पाठ करून भांडी आवरत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मी काय ते समजलो. पुतळा जळला की तिचं कुंकू जाणार, बांगड्या फुटणार. नाही जळला तर ती अशीच मागच्या दाराकडं बघत म्हातारी होणार. तिनं एका शब्दानं सांगितलं असतं तर मी काहीही केलं असतं. पण ती बोलेना, आणि मग मीच काकांना वाटेल तसं बोललो. दुसऱ्या दिवशी ते रागारागानं निघाले. मी त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

स्टेशनवरून परतताना दुपार झाली होती. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, दाढीचे खुंट वाढलेले, डोकं भणभणत होतं. म्हटलं, घरच्या ताकात तोंड बुडवण्यापेक्षा न्हाव्याकडं जाऊ. स्टेशनच्या रस्त्याला एका म्हाताऱ्याचं पत्र्याचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा, खुर्चीच्या मागं गिऱ्हाइकांसाठी बाक. मी त्याला मामा म्हणायचो. माणूस सरळ, तिथलाच, हात हलका, पण फेसाच्या बाबतीत आमच्याच जातकुळीतला, म्हणजे बेताचाच.

दुकानात कुणी नव्हतं. बाक रिकामा होता, हे मी शपथेवर सांगतो, कारण मी टोपी काढून त्याच बाकावर ठेवली. मामानं माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, वाटी काढली. मी डोळे मिटले.

पुढचं अर्धवट जागेपणीचं आहे. ब्रश वाटीत फिरत असल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मला वाटलं, आज मामाला बरीच सवड दिसते. मग फेस गालाला लागला आणि खरं सांगतो, इतका सुख देणारा फेस मला त्या मुलखात कधी लागला नव्हता. ऊन, जाड, मऊ. ब्रश उलट्या अंगानं फिरत होता. ते मला कळलं, पण डोळे उघडवेनात. एकदा पापण्या किलकिल्या झाल्या तेव्हा आरशात, काचेवर वरच्या बाजूला, पांढरा ठिपका दिसला. आपण घरीच आहोत असं वाटलं आणि मी गाढ झोपलो.

जाग आली ती ओठाच्या वर गार लागलं म्हणून. हात नेला. गुळगुळीत.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी खुर्चीतून उडी मारून मामाची मानगूटच धरली. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा म्हणत होता, "काडा बोलले म्हणून काडली, साहेब! मी इचारलं ना!" मी ऐकतोय कशाला. खोटारडा, आंधळा, दारू पिऊन वस्तरा धरतोस, असं सगळं म्हणून झालं. रस्त्यावर माणसं जमली. टोपी उचलली, तोंडाला रुमाल लावला आणि घराकडं सुटलो.

वाटेत राग उतरला आणि भीती चढली. मिशी उगवेपर्यंत रुमाल बांधून राहावं, दात दुखतोय म्हणून सांगावं, असलं काहीतरी ठरवत दारात पोचलो. आई उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रुमाल कशाला रे?" आणि मी इतका गाढव, की रुमाल काढून बोलायला लागलो.

ती माझ्या ओठाकडं बघत राहिली. सूप मांडीवरून हळूच खाली ठेवलं.

"कुठं सापडले?" तिनं विचारलं.

मी सांगेपर्यंत तिनं वाट पाहिली नाही. ती उठली. पदराचं टोक घागरीत भिजवलं. भिंतीवरच्या आरशापाशी गेली आणि बारा वर्षं जपलेला तो पांढरा डाग तिनं आधी पुसला. मग त्याच पदरानं कपाळ पुसलं.

"आई, थांब!" मी किंचाळलो. "तसं काही नाही गं! न्हाव्यानं चुकून काढली. मला झोप लागली होती."

ती तशीच आरशात बघत उभी होती. कुंकू सगळ्या कपाळभर पसरलं होतं. तिनं फळीवरचा करंडा काढला, झाकण उघडलं, बोटावर कुंकू घेतलं. बोट कपाळाकडं नेलं आणि मध्येच थांबवलं.

"लाव की!" मी म्हणालो. मला रडू येत होतं.

"माझ्या हातानं पुसलं मी," ती म्हणाली. "न्हावी चुकून गाल कापतो. मिशी चुकून काढत नाही. त्यालाही बाप असतो. 'काढ' कोण म्हणालं, ते विचारून ये जा. तोवर मी अशीच बसते."

आणि ती खरंच खाली बसली, बोट तसंच उचललेलं ठेवून.

मी परत गेलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला, पण पळाला नाही. मी हात जोडले. म्हटलं, "मामा, भांडायला आलो नाही. काढा असं मी म्हणालो का?"

"तुमी नाय," तो म्हणाला. "तुमी तर घोरत होतात. तुमचे वडील बोलले."

"कोण?"

"बाकावर बसलेले ते. तुमीच सांगितलेलं ना, वडील गावाला असतात म्हणून. मला वाटलं आले असतील भेटाय. तोंडवळा तुमचाच. मी फेस करत होतो, तर उठून जवळ आले, माझ्या हातातनं ब्रश घेतला. 'फुगे म्हणजे फेस नव्हे' असं बोलले. डाव्या हातानं घोटला त्यांनी. मला पन दाखवलं, थेंब थेंब पानी कसं टाकायचं ते. तुमच्या तोंडाला त्यांनीच लावला. मग बोलले, मिशी काढ. मी बोललो, बाबा, तुमी असताना कशी काडू? तर बोलले, 'काढ. त्याच्या आईला कळू दे.'"

तरी मी मनात म्हणत होतो की म्हातारा स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालतोय. मग तो खाली बघून पुटपुटल्यासारखा म्हणाला, "एकच गोष्ट मला चमत्कारिक वाटली साहेब. त्यांच्या स्वतःच्या डाव्या गालाला साबण तसाच होता. खांद्यावर पंचा. मी बोललो, बाबा, तुमची दाढी अर्धी टाकली कुनी? या, पुरी करतो. तर बोलले, याची होऊ दे आधी. तुमी उठून माझी मान धरली, तवा मी त्यांनाच हाक मारणार होतो सोडवा म्हणून. बगतो तर बाकावर नुसती तुमची टोपी."

त्या म्हाताऱ्याला मी वडिलांबद्दल 'गावाकडं असतात' यापलीकडं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. बोईसरमध्ये कुणालाच नव्हतं.

मी आत गेलो. आरशावर तो ठिपका होता. दुपारची संध्याकाळ झाली होती, पत्र्याखाली भट्टीसारखं तापलेलं होतं, तरी तो घसरला नव्हता की वाळला नव्हता. मी बोट लावलं. ओला होता. बोट मी घाईघाईनं शर्टाला पुसलं आणि मग वाटलं, पुसायला नको होतं.

वाटेत ठरवत होतो की आईला सांगायचं नाही. न्हावी प्यायला होता म्हणून सांगू, तिचं कुंकू तिला परत लावायला लावू. पण दारात पाय ठेवला तर ती तशीच बसलेली, बोट तसंच, आणि तिच्यापुढं खोटं माझ्यानं बोलवेना. सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं,

"साबण कुठल्या गालाला होता म्हणाला?"

"डाव्या."

तिनं बोटावरचं कुंकू करंड्याच्या कडेला निपटलं आणि झाकण लावलं.

"डावाच राहिला होता," ती म्हणाली. "कुठला ते मी कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही." आणि मग ती रडली. बारा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं अर्ध्या दाढीनं हिंडतायत रे ते! मी वाट बघत बसले म्हणून हिंडतायत. मला कसं कळलं नाही?"

काकांना बोलावून घेतलं. डोंगराकडून पळसाची पानं आणवली. पुतळा आमच्या मागच्या अंगणात बांधला, हात, पाय, छाती, सगळं पानांचं, आणि डोक्याच्या जागी सोललेला नारळ. तिथून तो घिवलीच्या बाजूला समुद्रावर न्यायचा होता. भटजी घाई करत होते. उचलणार, तेवढ्यात आई ऊन पाण्याचं भांडं आणि ती पितळी वाटी घेऊन बाहेर आली. तिच्या मागं, मान खाली घालून, मामा. तिनं स्वतः जाऊन त्याला बोलावून आणलं होतं.

"हे काय आता?" काका म्हणाले. "असला विधी कुठं नाही."

"नसू दे," आई म्हणाली. इतक्या मोठ्यानं ती दिरापुढं कधी बोलली नव्हती. "त्यांची दाढी अर्धी राहिलीय. ती झाल्याशिवाय हात लावायचा नाही कुणी."

ती पुतळ्याशेजारी मातीत बसली. ब्रश ऊन पाण्यात बुडवला, झटकला, आणि त्या तडे गेलेल्या जुन्या साबणावर फिरवायला लागली. सावकाश. मग बोटाच्या टोकानं एक थेंब, पुन्हा घोटणं, पुन्हा एक थेंब. पाणी त्याच विहिरीचं होतं. आम्ही सगळे बघत उभे होतो, आणि वाटी भरून फेस आला. घट्ट, पांढरा, एक फुगा नाही.

तिनं तो नारळाच्या डाव्या बाजूला लावला, नीट, कानाच्या जागेपासून हनुवटीच्या जागेपर्यंत. मामानं वस्तरा उघडला. करवंटीवर पातं खरखरलं. आई डोळ्याची पापणी न लवता बघत होती. फेस निघाल्यावर तिनं पदरानं तो गाल टिपला, जसा माणसाचा टिपतात.

"झाली हं," ती हळूच म्हणाली. "या आता."

आम्ही पुतळा उचलला. अंगणाच्या टोकाशी मी एकदा मागं वळून पाहिलं. ती घरात गेली होती, आणि आतून तिनं मागच्या दाराला कडी घातली.